रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज, सप्लिमेंट आणि तेले: नव्याने निदान झालेल्यांसाठी पायरीपायरीने

अँजिओग्राफीचा अहवाल हातात पडला की त्यातले टक्केच डोळ्यांसमोर राहतात. माझ्या अहवालात एका धमनीपुढे ९० टक्के आणि दुसरीपुढे ६० टक्के असे लिहिले होते. ९० टक्क्यांच्या जागी स्टेंट बसला, आणि ६० टक्क्यांच्या जागेबद्दल डॉक्टरांनी सांगितले की तिथे काही बसवायचे नाही, औषधे आणि आहार यांवर ठेवायचे. घरी आल्यावर मनात एकच प्रश्न होता, की हे उरलेले ६० टक्के कशाने साफ होतील. पुढच्या दोन महिन्यांत आप्तेष्टांनी प्रेमाने सुचवलेल्या आणि मी स्वतः शोधलेल्या सात बाटल्या माझ्या टेबलावर जमा झाल्या होत्या. त्यांपैकी आज एकच उरली आहे. तिथवर पोहोचताना जे शिकलो ते नव्याने या वाटेवर आलेल्यांना आधीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. खाली दिलेली कोणतीही गोष्ट सुरू किंवा बंद करण्यापूर्वी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणे आवश्यक आहे, आणि ते कसे बोलावे हेही पुढे सांगितले आहे.

१. ब्लॉकेज नेमके कुठे असते ते आधी समजून घ्या

मोरीच्या नळीत कचरा अडकावा तशी धमनीच्या पोकळीत चरबी अडकलेली असते, हे आपल्या मनातले चित्र चुकीचे आहे, आणि बहुतेक फसव्या जाहिराती याच चित्रावर चालतात. मेदाचा थर, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, धमनीच्या भिंतीच्या आत, तिच्या आतल्या नाजूक अस्तराखाली साठतो. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण त्या अस्तरातून आत शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि फुगतात, तिथे दाह होतो, पुढे कॅल्शियम जमते, आणि या सगळ्यावर तंतूंचे एक आवरण तयार होते. हे आवरण पातळ असेल आणि ते फाटले, तर तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडू शकते. म्हणूनच कित्येकदा हृदयविकाराचा झटका ९० टक्के अरुंद झालेल्या जागी न येता त्याहून कमी अरुंद, पण कच्च्या आवरणाच्या जागी येतो.

खाल्लेले तेल धमनीत तेल म्हणून वाहत नाही. ते आतड्यात पचते, त्याचे घटक सुटे होतात आणि नव्याने बांधले जाऊन रक्तात जातात. त्यामुळे अमुक तेल प्यायल्याने आतला थर सैल होऊन वाहून जाईल, ही कल्पना शरीराच्या रचनेतच बसत नाही. तेल आणि काही सप्लिमेंट यांचा खरा उपयोग वेगळा आहे. ते रक्तातले एलडीएल थोडे खाली आणू शकतात, आणि एलडीएल दीर्घकाळ खाली राहिले की थर वाढायचा थांबतो, त्याचे आवरण घट्ट होते आणि काही जणांमध्ये तो किंचित आकसतो.

‘किंचित’ म्हणजे किती, हेही जाणून घ्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्टरॉइड’ या अभ्यासात रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे, स्टॅटिन गटातले औषध ४० मिलिग्रॅम रोज, असे दोन वर्षे दिले गेले. त्यांचे एलडीएल सरासरी १३० वरून सुमारे ६० वर आले, आणि धमनीच्या भिंतीत थराने व्यापलेला भाग सरासरी एका टक्क्याच्या आसपास कमी झाला. डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या अभ्यासात अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, धूम्रपानबंदी, व्यायाम आणि ताणनियोजन यांच्या एका वर्षानंतर अरुंदपणा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात तो वाढला. त्या आहारात वरून घातलेले तेल जवळजवळ नव्हतेच. हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खचलो होतो. नंतर उमगले की माझा जीव ६० चे ५८ होण्यावर अवलंबून नाही, तो त्या आवरणाच्या मजबुतीवर अवलंबून आहे. एका महिन्यात ब्लॉकेज उघडण्याचे वचन देणारी कोणतीही बाटली यापुढे तुम्हाला भुलवू शकणार नाही, एवढी ही समज पक्की करून घ्या.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फायलीत ठेवा.

– अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफीचा अहवाल आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचा सारांश.
– शेवटच्या दोन-तीन लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, अहवाल. औषध सुरू होण्यापूर्वीचा अहवाल असेल तर तो सर्वांत मोलाचा, कारण एलडीएल किती टक्क्यांनी उतरले हे त्यावरूनच कळते.
– यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी रक्तशर्करा), आणि एकदा तरी केलेली लिपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्या कणाची तपासणी. ही पातळी प्रामुख्याने आनुवंशिक असते, त्यामुळे बहुतेकांना ती आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते.
– घेत असलेल्या सर्व औषधांची मात्रेसह यादी.
– सप्लिमेंटच्या बाटल्या. यादी पुरेशी नाही, बाटल्याच घेऊन जा, कारण मागच्या लेबलवरचा बारीक मजकूर महत्त्वाचा असतो.
– घरी रक्तदाब मोजण्याचे दंडावर बांधायचे यंत्र, स्वयंपाकघरात मोजचमचा आणि एक साधी वही.

३. डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या

‘कोलेस्टेरॉल कमी करा’ हा सल्ला अपुरा आहे. माझे एलडीएल किती असायला हवे, हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर वहीत लिहा. ज्यांच्या धमन्यांत आजार सिद्ध झालेला आहे अशा अतिजोखमीच्या रुग्णांसाठी युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि मूळ पातळीच्या निम्म्याहून कमी असावे, असे म्हटले आहे. हा आकडा समोर असला की प्रत्येक सप्लिमेंटला एकच प्रश्न विचारता येतो, की तू मला या आकड्याच्या किती जवळ नेणार आहेस. जास्त मात्रेतले स्टॅटिन एलडीएल सुमारे ५० टक्क्यांनी उतरवते, आणि पुढे ज्यांची चर्चा केली आहे त्या चांगल्या सप्लिमेंटची झेप ५ ते १० टक्क्यांची आहे. त्यामुळे त्यांची जागा औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या बदल्यात नाही.

४. तेल बदला, वाढवू नका

सर्वाधिक गोंधळ याच पायरीवर होतो. चांगले तेल म्हणजे औषध, असे समजून लोक रोज सकाळी दोन चमचे ऑलिव्ह तेल पितात आणि दिवसभराचे बाकीचे जेवण तसेच चालू ठेवतात. तेलाचा फायदा तो लोणी, तूप, पाम तेल, वनस्पती तूप यांसारख्या स्निग्धांच्या जागी आले तरच मिळतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. ज्या नियंत्रित अभ्यासांत संपृक्त, म्हणजे लोणी-तुपात जास्त असणाऱ्या, चरबीच्या जागी बहुअसंपृक्त वनस्पती तेल आणले गेले, त्यांत हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना दिसले. यातला कळीचा शब्द ‘जागी’ हा आहे. कोणतेही तेल असो, एका मोठ्या चमच्यात सुमारे १४ ग्रॅम चरबी आणि १२० कॅलरी असतात, आणि वरून घेतलेल्या तेलाने वजन वाढले तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) आणि रक्तदाब दोन्ही मागोमाग वाढतात.

स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ अभ्यासाचा दाखला ऑलिव्ह तेलासाठी नेहमी दिला जातो. त्यात सुमारे ७,४०० जण होते. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, गट पाडण्याच्या पद्धतीतील त्रुटींमुळे मागे घेतला गेला आणि २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध झाला. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्यासह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र तिथे केवळ तेल नव्हते, भाज्या, फळे, कडधान्ये आणि मासे यांचा पूर्ण आहार होता.

तेल निवडताना मी हे निकष लावतो. कनोला, ऑलिव्ह, सोयाबीन, सूर्यफूल, करडई आणि शेंगदाणा ही तेले रोजच्या वापरासाठी योग्य आहेत, आणि त्यांतील कोणते श्रेष्ठ यावर रात्री जागवण्याची गरज नाही. नारळाच्या तेलात ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झाले आहे, त्यामुळे त्याला हृदयासाठीचे तेल म्हणणे चूक आहे. पाम तेलात संपृक्त चरबीचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. जवसाच्या तेलात ओमेगा-३ प्रकारातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, पण शरीर त्याचे माशांतल्या ईपीए आणि डीएचए या रूपांत फारच थोडे रूपांतर करते. ते तापवू नये, गडद बाटलीत आणि थंड जागी ठेवावे. पॅकबंद पदार्थावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असे शब्द दिसले तर तो पदार्थ घेऊच नका, कारण त्यात ट्रान्स फॅट असते, आणि ते एलडीएल वाढवते व एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, घटवते.

तेल धुरावेपर्यंत तापवू नये आणि तळून उरलेले पुन्हा पुन्हा वापरू नये. आमच्या घरी एका सोप्या बदलाने सर्वाधिक फरक पडला. बाटलीतून थेट ओतणे बंद केले, सकाळीच दिवसभराचे तेल मोजचमच्याने एका लहान भांड्यात काढून ठेवले, आणि संध्याकाळी ते संपले की संपले. पहिल्या आठवड्यात दुपारीच भांडे रिकामे व्हायचे. तेव्हा कळले की ‘आम्ही तेल कमीच खातो’ हे आमचे म्हणणे खरे नव्हते.

५. सप्लिमेंट पारखून घ्या

ज्यांचा थोडा, पण खरा उपयोग आहे अशांत इसबगोल पहिले. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्तआम्ले धरून ठेवतो, ती शरीराबाहेर जातात, आणि नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. रोज सुमारे ७ ते १० ग्रॅम घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते. ते भरपूर पाण्यासोबत घ्या, कोरडे गिळू नका, आणि इतर औषधांपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवा. ओटमधला बीटा-ग्लुकन हा तंतूही रोज ३ ग्रॅम पोटात गेल्यास असेच काम करतो. वनस्पतीजन्य स्टेरॉल, म्हणजे वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे घटक, रोज २ ग्रॅम, जेवणासोबत घेतल्यास एलडीएल ८ ते १० टक्के कमी होऊ शकते, मात्र त्यामुळे झटके टळतात असे थेट सिद्ध झालेले नाही, आणि सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे.

माशाच्या तेलाबद्दल सविस्तर सांगायला हवे. २०१८ च्या ‘व्हायटल’ अभ्यासात सुमारे २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिले गेले आणि हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात ठळक घट झाली नाही. त्याच वर्षी मधुमेहींवरील ‘असेंड’ अभ्यासातही हेच दिसले. याउलट ‘रिड्यूस-इट’ अभ्यासात स्टॅटिन घेत असूनही ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांना शुद्ध केलेले ईपीए, म्हणजे आयकोसापेंट इथाइल, रोज ४ ग्रॅम दिले असता गंभीर घटना २५ टक्क्यांनी घटल्या. तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलामुळे या निकालावर वाद आहे, आणि ईपीए व डीएचए यांचे मिश्रण ४ ग्रॅम देणाऱ्या ‘स्ट्रेंथ’ अभ्यासात २०२० मध्ये लाभ आढळला नाही. शिवाय जास्त मात्रेत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. थोडक्यात, हे डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड पाहून लिहून देण्याचे औषध आहे, आणि दुकानातली साधी कॅप्सूल त्याची जागा घेत नाही.

लाल यीस्ट तांदळाबाबत, म्हणजे आंबवलेल्या लाल तांदळाच्या गोळ्यांबाबत, मात्र मी प्रत्येकाला हात धरून थांबवू इच्छितो, कारण इथे मला स्वतःला इजा झाली. ‘नैसर्गिक’ म्हणून मी ते स्टॅटिनच्या जोडीला सुरू केले आणि डॉक्टरांना सांगितले नाही. पाचव्या आठवड्यात जिना चढताना मांड्या अशा दुखू लागल्या की मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभे राहावे लागे. तपासणीत स्नायूंची हानी दाखवणारे सीके वाढलेले निघाले. त्या तांदळातला मोनॅकोलिन के हा घटक आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिन हे औषध रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. मी नकळत दोन स्टॅटिन घेत होतो. त्यातही कोणत्या गोळीत ते किती हे निश्चित नसते, आणि काही उत्पादनांत मूत्रपिंडाला घातक असलेले सिट्रिनिन हे विष आढळले आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये रोजच्या मात्रेतील मोनॅकोलिन ३ मिलिग्रॅमच्या खाली असावे, असा नियम केला तो उगाच नाही. स्नायू दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उरलेली यादी लवकर संपते. जीवनसत्त्व ई ४०० युनिट रोज घेऊन २००० च्या ‘होप’ अभ्यासात लाभ झाला नाही, आणि पुढच्या पाठपुराव्यात हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. स्टॅटिनच्या जोडीला नायासिन (जीवनसत्त्व बी३) देऊन पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात २०१४ मध्ये फायदा शून्य आणि दुष्परिणाम गंभीर निघाले. जीवनसत्त्व के२ धमनीतले कॅल्शियम धुऊन काढते, हा दावा सिद्ध झालेला नाही. शिरेतून दिल्या जाणाऱ्या ईडीटीए चिलेशनला (शरीरातले धातू बांधून बाहेर काढण्याच्या उपचाराला) २०१३ च्या अभ्यासाने थोडी आशा दिली होती, पण २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ती टिकली नाही. लसूण, हळद, दालचिनी यांच्या गोळ्यांबद्दल २०२२ मध्ये जाहीर झालेला ‘स्पोर्ट’ अभ्यास बोलका आहे. माशाचे तेल, वनस्पती स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांसह एकूण सहा सप्लिमेंटची तुलना रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या ५ मिलिग्रॅमशी करण्यात आली. २८ दिवसांत औषधाने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले आणि सहांपैकी एकही सप्लिमेंट औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीहून ठळकपणे सरस ठरले नाही. वनस्पती स्टेरॉलचा वर सांगितलेला परिणामही त्या थोड्या दिवसांत दिसला नाही, म्हणूनच स्वतःच्या तपासणीत फरक दिसल्याशिवाय त्यावरही विश्वास टाकू नका.

६. लेबल उलटे करून वाचा

माझ्या टेबलावरच्या माशाच्या तेलाच्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम असे होते. बाटली फिरवून बारीक मजकूर वाचला तेव्हा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचे ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम निघाले. उरलेले ७०० मिलिग्रॅम बहुतांशी इतर चरबी होती. म्हणून समोरचा आकडा सोडा आणि घटकांचा वाचा. एक मात्रा म्हणजे एक कॅप्सूल की तीन, हेही तिथेच लिहिलेले असते. कॉड माशाच्या यकृताचे तेल वेगळे. त्यात जीवनसत्त्व ए बरेच असते, आणि ओमेगा-३ वाढवण्याच्या नादात ते जास्त घेतले तर विषबाधेची शक्यता असते. यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या त्रयस्थ संस्थेची खूण असेल तर लेबलवर लिहिले तेच आत आहे याची बरीच खात्री मिळते, मात्र ती खूण उपयोगाची हमी देत नाही. ‘मालकी मिश्रण’ (प्रोप्रायटरी ब्लेंड) असे लिहून प्रत्येक घटकाची मात्रा लपवलेली असेल, तर ती बाटली घेऊ नका.

७. औषधांशी होणारी टक्कर तपासा

स्टेंटनंतर बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी रक्ताची गुठळी रोखणारी औषधे चालू असतात. लसणाचा अर्क, जिंको या झाडाचा अर्क, जीवनसत्त्व ई, नॅटोकायनेज (आंबवलेल्या सोयाबीनमधले विकर) आणि जास्त मात्रेतले माशाचे तेल हे त्यांच्या जोडीला घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर जीवनसत्त्व के आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी त्याचा परिणाम कमी करतात, आणि कोएन्झाइम क्यू१० नेही तसे होऊ शकते. ग्रेपफ्रूटचा रस सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतो. ग्रीन टीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल तर सप्लिमेंटची यादी आधी द्या. रक्त पातळ करणारे औषध मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी होणे हे प्राणघातक ठरू शकते.

८. एका वेळी एकच बदल करा आणि मोजा

डॉक्टरांच्या संमतीने एकच सप्लिमेंट सुरू करा, तारीख वहीत लिहा, आणि ४ ते १२ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत लिपिड प्रोफाइल करा. त्या काळात तेल, औषधाची मात्रा आणि सप्लिमेंट असे तिन्ही एकदम बदलले, तर कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही. एलडीएल हलले नाही तर बाटली बंद करा, आणि हलले तरी ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचलेले नसेल तर औषध वाढवण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. स्टॅटिनपुढे इझेटिमाइबच्या गोळ्या आणि पीसीएसके९ हे प्रथिन रोखून एलडीएल उतरवणारी इंजेक्शने असे पुढचे टप्पे उपलब्ध आहेत. स्टॅटिन सोसत नसेल तर गुपचूप सोडून देऊ नका. मात्रा किंवा प्रकार बदलून पुष्कळांना ते मानवते, मलाही मानवले.

एक सापळा इथेही आहे. प्रगती पाहण्यासाठी वारंवार कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांतले कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन, करून घेऊ नका. स्टॅटिनमुळे थर घट्ट होताना त्यातले कॅल्शियम वाढून स्कोअर चढू शकतो, आणि सुधारणा होत असतानाच रुग्ण घाबरून औषध सोडतो.

९. छातीत दुखले तर बाटली शोधू नका

छातीत दाब, जबडा, खांदा किंवा हातात जाणारी कळ, दम लागणे, थंड घाम, किंवा एका बाजूला अचानक लुळेपणा, यांपैकी काहीही झाले तर तेल, लसूण, गरम पाणी असले काही न करता ताबडतोब आपत्कालीन रुग्णवाहिका बोलवा आणि स्वतः वाहन चालवू नका. रुग्णालयात पोहोचल्यावर केस आणि नखांसाठीच्या गोळ्या घेत असाल तर ते आवर्जून सांगा. त्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते, आणि काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिन ही झटका ओळखण्याची तपासणी खोटी कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये दिला आहे. माझ्या पाकिटात औषधांच्या यादीचा घडी घातलेला कागद असतो. त्याच्या शेवटच्या ओळीत मी घेत असलेले एकमेव सप्लिमेंट, इसबगोल, मात्रेसह लिहिलेले आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला तो कागद कुठे आहे हे ठाऊक आहे.